जात्यंधांचा हत्ती आणि जीवाची शक्यता

नांदेडच्या ईशान्येस, पैनगंगेच्या खोऱ्यांत, हदगांव हें तालुक्याचें गांव आहे. गांवाजवळच्या दत्तबर्डीवर महानुभावांचें स्थान असून, त्याच खोऱ्यानें पुढें गेलें असतां माहूर लागतें. माहूरचे श्रीदत्तात्रेय हे महानुभावांच्या पंचकृष्णांपैकीं एक होत. ज्या पंथाच्या खुणा या मुलुखांत जागोजाग आढळतात, त्या पंथानें ‘सत्य कोणास दिसतें’ आणि ‘कोणाच्या ठायीं बदलण्याची शक्यता आहे’ या दोन अवघड प्रश्नांचा उलगडा सातशें वर्षांपूर्वीं मराठींत केला, ही गोष्ट अभ्यासकांबाहेर फारशी कोणास ठाऊक नसते.

श्रीचक्रधरांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, देवगिरीच्या यादवांच्या अमदानींत, निरूपण केलें तें लोकांच्या बोलींत. त्यांच्यामागें नागदेवाचार्यांनीं तोच आग्रह धरिला. केसोबास हे संस्कृतांत निष्णात. परंतु आचार्यांपुढें त्यांसही मराठींतच बोलावें लागलें. याच केसोबासांनीं १२८० च्या सुमारास ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यांत ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचीं अंगें तीन : आरंभीं सूत्र, मग दृष्टांत, शेवटीं दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे अमूर्त विचार. दृष्टांत म्हणजे खेड्यापाड्यांतील एखादी साधी हकीकत. आणि त्या हकीकतींतील कोणतें अंग विचाराच्या कोणत्या अंगाशीं जुळतें तें दाखविणारें दार्ष्टांतिक. पहिलीं दोन अंगें चक्रधरांच्या वाणींतलीं, तिसरें केसोबासांचें. हें तिसरें अंग नसतें तर ग्रंथ गोष्टींचा झाला असता, विचारांचा नव्हे.

जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत पहावा. एकाचा हात पायास लागतो, त्यास हत्ती खांबासारखा वाटतो. दुसऱ्याचा कानास लागतो, त्यास तो सुपासारखा वाटतो. गोष्ट चक्रधरांहून कितीतरी जुनी. पाली ‘उदान’ ग्रंथांत ती आहे. तेथें श्रावस्तीचा राजा आंधळ्यांस जमवितो आणि त्यांची हातघाई पाहून हंसतो. रोख आहे तो आपसांत भांडणाऱ्या पंथांवर. वेरूळास ज्यांचीं लेणीं कोरलेलीं आहेत त्या जैनांनीं हीच गोष्ट निराळ्या अर्थानें घेतली. प्रत्येक आंधळा आपल्या जागेवरून खरेंच बोलतो. म्हणून प्रत्येक विधानास ‘स्यात्’, म्हणजे ‘एका अपेक्षेनें’, हा शब्द जोडावा. ‘आहे’, ‘नाहीं’, ‘सांगतां येत नाहीं’ यांच्या मिश्रणानें त्यांनीं विधानांचे सात प्रकार पाडले, तीच सप्तभंगी.

महानुभावांनीं भर दिला तो डोळसावर. आंधळ्यांनीं चाचपलें तें हत्तीचेंच एकेक अंग होय, हें डोळस सांगूं शकतो, कारण त्यास सबंध हत्ती दिसतो. परमेश्वराच्या एकाच शक्तीस परमेश्वर समजणारे ते आंधळे. ज्ञानी तो डोळस. युक्तिवाद सुबक आहे, परंतु येथेंच एक अडचण उभी राहते. डोळस हा डोळस आहे, याची खात्री आंधळ्यानें कशी करून घ्यावी?

या अडचणीचें उत्तर पंथाच्या पदार्थविचारांत सांपडतें. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे त्यांचे चार पदार्थ, परस्परांहून सर्वथा भिन्न. परमेश्वर नित्यमुक्त; देवता नित्यबद्ध. देवतांची संख्या एक्यायशीं कोटि सव्वा लक्ष दहा अशी देऊन त्यांची उतरंडच लावून दिलेली आहे; प्रत्येकीचें पद आणि फळ ठरलेलें, आणि कोणतेंही फळ अखेर सरणारें. एवढ्या थोर देवता, पण त्यांस बंधनांतून सुटतां येत नाहीं. जीव मात्र बद्धमुक्त. आज तो बांधलेला आहे, उद्यां सुटूं शकतो. विश्वाच्या या सबंध पटावर मुक्त होण्याची शक्यता एकट्या जीवाच्या वांट्यास आली आहे! तथापि ती शक्यता त्याच्या स्वाधीन नाहीं. सुटण्याची योग्यता त्याची. ज्ञान द्यावयाचें तें अवतार घेतलेल्या परमेश्वरानें, आपल्या संनिधानांत. आंधळ्यास डोळसाची परीक्षा घेतां येत नाहीं. परंतु डोळस त्यास डोळे देऊं शकतो.

जर्मन तत्त्ववेत्ता लायब्नित्स यानें १७१० सालीं ‘थिओडिसी’ या ग्रंथाच्या शेवटीं शक्यतांचा एक प्रासाद कल्पिला. दालनागणिक एक संभाव्य जग. शिखरावर सर्वांत उत्तम असें जग, आणि तळ नाहींच. तेथें सर्व शक्यता ईश्वराच्या बुद्धींत आधींच मांडलेल्या असतात व तो त्यांतून एक निवडतो. महानुभावांचा ईश्वर दालनें निवडीत नाहीं. तो जीवापाशीं चालत येतो. दोहोंत लायब्नित्साची मांडणी अधिक रेखीव खरी, पण त्या दालनांतील माणसास स्वतः सुटण्याची आशा फार थोडी.

पुढें मात्र विपरीत घडलें. जे विचार सर्वांस कळावे म्हणून मराठींत सांगितले गेले, तेच पंथानें सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. पोथी हातीं पडली तरी अक्षर लागेना. अशीं कित्येक शतकें गेलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे व वि. ल. भावे यांच्या खटपटीनें त्या अक्षरांचा उलगडा झाला, आणि जात्यंधांचा दृष्टांत पुन्हां पंथाबाहेरच्या वाचकांपुढें आला.