धुळपाटीपासून मेमरी कार्डापर्यंत

इतिहासाचे अभ्यासक जे उरले त्याविषयी लिहितात. जे पुसले गेले त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः माणसाने लिहावयास आरंभ केला त्याच दिवशी जागा अपुरी पडावयासही आरंभ झाला असला पाहिजे. तेव्हापासून त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत. एक, जुने पुसून त्याच जागी नवे लिहिणे. दुसरी, आणखी एक फळी ठोकून फडताळ वाढविणे. आज प्रत्येकाच्या खिशातला फोन ‘जागा संपत आली आहे’ अशी तक्रार करतो आणि मालक बोटाने चित्रे पुसू लागतो, तेव्हा तो याच दोन वाटांच्या तिठ्यावर उभा असतो. या वाटांवरून आपल्या आधी कोण कसे गेले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पहिल्या वाटेची खूण आपल्या भाषेतच आहे. मूल लिहावयास शिकू लागले की ते ‘धुळाक्षरे गिरवते’ असे आपण अजूनही म्हणतो. पूर्वीच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढीत आणि तळहात फिरविला की पाटी पुन्हा कोरी होई. आपले जुने गणितही याच साधनावर वाढले. ‘पाटीगणित’ आणि ‘धूलिकर्म’ हे शब्द त्याचीच साक्ष देतात. जागा कधीही न संपणारे असे हे साधन होते, कारण त्यात काहीच साठत नव्हते. पण साठत नव्हते हाच त्याचा दोष. बेरीज-गुणाकार करताना मधले आकडे पुसले जात, उत्तर तेवढे उरे; ते चुकले तर कोठे चुकले हे शोधावयाला मागे वाटच नसे. हिंदू अंकपद्धती अरबांकडे गेली ती या धुळपाटीसकट. इ. स. ९५२-५३ च्या सुमारास दमास्कस येथे अल-उक्लीदिसी नावाच्या गणितज्ञाने आपल्या ग्रंथात धूळ टाकून शाई-कागद घेण्याचा आग्रह धरला. रस्त्यावर बसून भविष्य सांगणाऱ्यांच्या हाती अशी पाटी असते, तिच्यामुळे गणिती माणसाची गणना त्यांच्यात होते, अशीही त्याची एक तक्रार होती. कारण काही असो. पुसण्यापेक्षा राखणे बरे, असा हा हजार वर्षांपूर्वीचा कौल आहे.

पण राखावयाला कागद किंवा कातडे लागते आणि ते महाग असते. इ. स. १२२९ मध्ये एका ख्रिस्ती लेखनिकाला प्रार्थनेचे पुस्तक लिहावयाचे होते. त्याने दहाव्या शतकातल्या एका पोथीची चर्मपत्रे घेतली, त्यांवरची शाई खरवडून-धुऊन काढली, पाने कापून आडवी दुमडली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. त्याने पुसलेला मजकूर आर्किमिडीजचा होता. १९०६ मध्ये डेन्मार्कचा पंडित हायबर्ग कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि प्रार्थनांच्या ओळींखालून पुसट दिसणारी ती जुनी अक्षरे त्याने वाचली. आर्किमिडीजने आपल्या शोधांची रीत जीत सांगितली आहे ते प्रकरण या एका पुसलेल्या पोथीखेरीज अन्यत्र कोठेही मिळालेले नाही. त्या लेखनिकाला दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. त्याने जागा मोकळी केली, एवढेच. आपल्याला आज नको आहे ते उद्या कोणालाच नको असेल, ही त्याची समजूत होती. आणि तीच समजूत आजही बोट चालविते.

महाराष्ट्राने बहुधा दुसरी वाट धरली. आपल्याकडे मोडी कागद पुसले जात नसत. ते रुमालात बांधून माळ्यावर टाकले जात. रुमालावर रुमाल चढत, माळा भरला की दुसरा माळा. कोणी ते जपले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ते कोणी आवरले नाहीत, हेच खरे. वाळवी, गळके छप्पर आणि वाण्याची पुडी यांनी आपला वाटा घेतल्यावर जे उरले त्याच्यामागे राजवाडे गावोगाव हिंडले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, तो पानिपतापूर्वीच्या आणि पानिपताच्या काळातल्या पत्रांचा. पुढे या मालेचे २२ खंड झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरातून सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निवडून काढले. या साऱ्या कागदांत उसनवारीचे हिशेब आहेत, आजारपणाच्या बातम्या आहेत, तूप महाग झाल्याच्या तक्रारी आहेत. ज्याने ते लिहिले त्याला त्यांत जपण्यासारखे काही वाटले नसेल. आज मात्र त्याच तुपाच्या भावावरून आपण त्या काळाची नाडी पाहतो.

आता विजेच्या लेखनाकडे वळू. १९५६ मध्ये अमेरिकेत आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या साठवणुकीच्या कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरत आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आज ६४ गिगाबाइटांचे कार्ड बोटाच्या नखावर मावते. ढोबळ हिशेबाने त्यात तशा बारा हजारांहून अधिक कपाटांतला मजकूर बसेल. हा पल्ला कसा गाठला गेला?

१९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झे या दोघांनी एक युक्ती मांडली. विजेच्या सूक्ष्म झडपेमध्ये चोहोबाजूंनी निरोधक थराने वेढलेला एक धातूचा पडदा ठेवावयाचा. त्यात विद्युत्कण एकदा कोंडले की वीज बंद केली तरी ते वर्षानुवर्षे आतच राहतात. कण आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक हे ओळखावयाचे. १९७१ मध्ये इंटेल कंपनीच्या डोव्ह फ्रोमन याने या तत्त्वावर पुसता येणारी स्मरणचकती सिद्ध केली. तीत २,०४८ खुणा, म्हणजे सुमारे अडीचशे अक्षरे मावत. पुसावयाचे झाले की चकतीवरच्या स्फटिकाच्या खिडकीतून अतिनील किरण सोडीत आणि सारी चकती एकदम कोरी होई. धुळपाटीवर तळहात फिरवावा, तसेच हे.

या कथेचा खरा नायक जपानी आहे. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका याने विजेनेच झटक्यात पुसता येईल अशी स्मरणचकती कल्पिली आणि १९८४ मध्ये ती विद्वत्सभेपुढे मांडली. १९८७ मध्ये तिचा अधिक दाट व स्वस्त असा ‘नँड’ प्रकार मांडला. आपल्या फोनमध्ये आहे तो याच वंशाचा. छायाचित्रकाराचा दिवा लखकन चमकावा तसे सारे एका क्षणात पुसले जाते, म्हणून शोजी अरिइझुमी या सहकाऱ्याने तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. ज्या साधनावर आज जगाची स्मृती उभी आहे त्याचे नाव स्मरणावरून पडलेले नाही, विसरण्यावरून पडले आहे! मासुओकाने पुढे कंपनी सोडली, २००४ मध्ये मोबदल्यासाठी तिच्यावर दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली.

या साधनाचा एक स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. त्यावर लिहिता येते पानापानाने, पण पुसता येते ते गठ्ठ्याने. चाळीतली एक खोली रंगवावयाची तर सारा मजला रिकामा करावा लागावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून आपण एखादे चित्र पुसतो तेव्हा ते तत्काळ नाहीसे होत नाही. यादीतले त्याचे नाव तेवढे खोडले जाते. पुढे सवडीने फोन गठ्ठ्यातली कामाची पाने दुसरीकडे हलवितो आणि मग गठ्ठा साफ करतो. फोन काठोकाठ भरला की या हलवाहलवीला मोकळा मजलाच उरत नाही आणि तो रेंगाळू लागतो. थोडी जागा नेहमी मोकळी ठेवावी, असे जाणकार सांगतात त्याचे हे एक कारण.

फडताळ वाढविण्याची सोय कार्डाने केली. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्डाचा आराखडा ठरविला. फोनसाठी त्याचे धाकटे भावंड २००५ मध्ये मायक्रोएसडी या नावाने रूढ झाले, १५ मिलिमीटर लांब आणि ११ रुंद. २००८ मध्ये निघालेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला स्वतःची जागा होती अवघी २५६ मेगाबाइट. भिस्त होती ती कार्डावर. आपल्या तालुक्याच्या गावांतून त्या सुमारास ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. भजने, लावण्या, तमाशाचे वग, कीर्तने, सारे एका नखाएवढ्या तुकड्यात भरून शेतकरी घरी नेई. त्या दुकानांचा इतिहास कोणी तरी लिहिला पाहिजे. कोणत्या तालुक्यात काय ऐकले जात होते, याचे ते दप्तर होते आणि ते बहुतेक नष्ट झाले आहे.

परंतु २००७ मध्ये आलेल्या आयफोनला कार्डाची खाचच नव्हती. ४ किंवा ८ गिगाबाइट, जे घ्याल ते कायमचे. कार्डाची गती कमी, ते केव्हा बिघडेल याचा नेम नाही, खाचेतून पाणी शिरते, ही कारणे खोटी नाहीत. मात्र खाच नसली की अधिक जागेसाठी महागडा फोनच घ्यावा लागतो, हेही तितकेच खरे आहे. पुढे इतरांच्याही महागड्या फोनांतून खाच गेली. आपल्याकडच्या कित्येक फोनांत तर दुसरे सिम आणि कार्ड यांना एकच खाच: एकाला बसवावे तर दुसऱ्याने उठावे.

२०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीने निराळाच तोडगा काढला. कार्ड फोनने आपलेसे करावे, ते फोनच्याच जागेचा भाग मानले जावे. या सोयीच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ ‘दत्तक घेण्याजोगी’ असाच होतो आणि मराठी वाचकाला त्यातले मर्म चटकन कळेल. दत्तक गेलेल्या मुलाचे गोत्र बदलते, जन्मघरचा हक्क सुटतो. कार्डाचेही तसेच. त्यावरचे लेखन गुप्त लिपीत होते आणि किल्ली राहते फोनच्या पोटात. तो फोन निवर्तला की कार्ड अनाथ. दुसऱ्या कोणत्याही घरी त्याची ओळख पटत नाही.

याचा प्रत्यय माझ्या मावशीच्या घरी आला. वाईजवळच्या खेड्यात तिच्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणत. नातवाने सुट्टीत बसून त्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पुढे फोन भरला, तेव्हा एका दुकानदाराने नवे कार्ड घालून ते दत्तक देऊन टाकले आणि आधीचे सारे त्यावर हलविले; घरच्यांना त्यातला अर्थ कोणी सांगितला नाही. वर्षभरात म्हातारी गेली. त्यानंतर एका पावसाळ्यात फोन पाण्यात पडला तो उठलाच नाही. मी कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातले. ‘हे कार्ड वाचता येत नाही, कोरे करू का?’ असे त्याने विचारले.

मावशी म्हणाली, “अरे, कार्ड तर धडधाकट दिसतंय ना? मग आत्याबाई कुठं गेल्या?”

मी म्हणालो, “आतच आहेत मावशी, पण दाराला कुलूप आहे नि किल्ली बुडाली.”

ती थोडा वेळ कार्डाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “असू दे. कोरं मात्र करू नकोस.” ते कार्ड तिने देवघरातल्या कुंकवाच्या डबीत ठेवले आहे. आर्किमिडीजची पोथी सातशे वर्षांनी वाचता आली, कारण तीवर खरवडण्याच्या खुणा राहिल्या होत्या. या कार्डावर सारे जसेच्या तसे आहे आणि तरी ते वाचता येत नाही. नाश होण्याची ही रीत इतिहासाला नवी आहे.

फोन भरतो तो मात्र ओव्यांनी नव्हे. ‘शुभ सकाळ’ची फुले, सूर्योदय आणि सुविचार यांनी भारतातले फोन तुंबतात, असे वृत्त २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने दिले होते. त्याआधी महिनाभर, २०१७ च्या डिसेंबरात, गूगलने फोन झाडून देणारे एक साधन काढले होते. ही शुभेच्छाचित्रे हुडकून एकत्र दाखविण्याची सोयही त्यात आली. त्याच कंपनीने २०१५ पासून चित्रे आपल्या कोठारात अमर्याद आणि फुकट ठेवू दिली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली आणि १५ गिगाबाइटांपुढे भाडे सुरू झाले. परक्याच्या माळ्यावर रुमाल ठेवले तर केव्हा तरी भाडे मागितले जाणारच.

मग करावे काय? जागा करावयाचीच असेल तर आधी ॲपांनी साठविलेला तात्पुरता कचरा काढावा, तो हवा तेव्हा पुन्हा तयार होतो. मग पुढे ढकलत आलेली चित्रे, मग एकाच चित्राच्या दहा प्रती. आपण स्वतः टिपलेले आणि आपल्या माणसाच्या आवाजातले जे असेल त्याला शेवटपर्यंत हात लावू नये. त्याची नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि त्यांतले एक तरी असे असावे की ते कोणत्याही यंत्रात उघडेल. हा उपदेश तंत्रज्ञाचा नाही, दप्तरे चाळणाऱ्याचा आहे.

राजवाड्यांना जे कागद मिळाले ते कोणी शहाणपणाने राखले म्हणून मिळाले नाहीत; माळा आवरावयाला कोणाला सवड झाली नाही म्हणून मिळाले. आळसाने आपल्या इतिहासावर एवढे उपकार केले आहेत. आता माळा नखाएवढा झाला आहे, तो लवकर भरतो आणि आवरून देणारे यंत्र रोज दाराशी येऊन विचारते, ‘पुसू का?’ उद्याच्या इतिहासकाराला काय मिळावयाचे, हे आज घरोघर त्या एका प्रश्नाच्या उत्तराने ठरत आहे. उत्तर देण्यापूर्वी यादी एकदा तरी वाचावी.