गवताचे जंगल कुठे गेले?

मागच्या वर्षी आम्ही घरातला जुना गालिचा काढून लाकडी जमीन बसवायचे ठरवले. दुकानातल्या विक्रेत्याने बांबूच्या पट्ट्या पुढे केल्या. "हे झाड नव्हे, गवत आहे. कापले की पुन्हा येते, जंगलाचे काही नुकसान नाही," असे तो उत्साहाने सांगू लागला. बांबू गवताच्या कुळातला, हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण मला एकदम खानापूरची बुरूडगल्ली आठवली.

माझे बालपण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला गेले. आई सुपे आणि रोवळ्या घ्यायला मला बरोबर नेई. तिथल्या एका म्हातारीला आम्ही बुरूडआजी म्हणत असू. दर वर्षी ती भाव वाढवी आणि कारण तेच सांगे, "बाळा, कळक मिळंना झालाय. समदा कागदाला गेला." पुन्हा येणारे गवत संपते कसे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्यासाठी इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेऊन, परदेशी येऊन, दुकानात उभे राहावे लागले! मग सवडीने वाचत गेलो. त्याचाच हा गोषवारा.

इंग्रजी अमदानीत वनखात्याचे लक्ष सागावर होते. सागाच्या जंगलातला बांबू म्हणजे तण, असाच बहुतेक वनाधिकाऱ्यांचा समज होता. 1875 साली टॉमस राउटलेज या इंग्रज कागदवाल्याने बांबूपासून कागद करण्याची कल्पना पुस्तिकेतून मांडली. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूचा लगदा करण्याच्या पद्धतीवर काम केले आणि 1925 साली बांबू-कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदाही झाला. कालचे तण असे कच्चा माल बनले. 1927 च्या भारतीय वन कायद्यात तर 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतच बांबू घातला गेला. गवत कायद्याने झाड झाले आणि त्याच्या तोडीवर व वाहतुकीवर वनखात्याचा ताबा पक्का झाला.

स्वातंत्र्यानंतर कागद गिरण्या वाढल्या. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू बल्लारपूरला जाऊ लागला, तर उत्तर कन्नडचा दांडेलीला. कर्नाटकात 1958 च्या सुमारास गिरणीला बांबू मिळे तो टनाला दीड रुपया या दराने. बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारभावाने, नगावर घ्यावा लागे. इतक्या स्वस्त मालाची जपणूक कोण करणार? बुरुडांच्या तक्रारी वाढल्यावर 1975 च्या सुमारास राज्य सरकारने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या माधव गाडगीळ यांना या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितले. मूळचे पुण्याचे गाडगीळ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतीलच.

या अभ्यासात दोन गोष्टी निघाल्या. पहिली, बांबूच्या साठ्याचे कागदोपत्री अंदाज प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगलेले होते. आमच्या धंद्यात म्हणतात तसे, आत चुकीचे आकडे घातले की बाहेर चुकीचेच निर्णय येणार.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. त्यामुळे तोड अवघड होते आणि बेटाची वाढही खुंटते, अशा समजुतीने ते जाळे साफ केले जाई. गावकऱ्यांनी अभ्यासकांना सांगितले, "काटे काढू नका. कोवळे कोंब गुरे खातात." गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी हे जंगलात तपासून पाहिले. गावकरी बरोबर होते. काटे काढलेल्या बेटांतले पावसाळी कोंब गुरे, साळिंदर आणि वानरे फस्त करीत होती. म्हणजे 'कापले की पुन्हा येते' हे खरे, पण कोंबाला डोके वर काढू दिले तरच!

बांबूला अनेक वर्षांनी एकदाच फुलोरा येतो आणि मग ती बेटे मरतात. हा निसर्गक्रमच आहे. पडलेल्या बियांतून नवे रान उभे राहते, पण त्याच वेळी वणवा लागला किंवा गुरे शिरली तर तेही हुकते. जवळचा बांबू विरळ होत गेल्यावर गिरण्या लांबून माल आणू लागल्या. पश्चिम घाटात नैसर्गिक जंगल तोडून निलगिरी लावण्यात आली, तर जास्त पावसाच्या भागात तिच्यावर रोग पडला. जंगलही गेले आणि निलगिरीही.

याच्या उलट उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले. मेंढा (लेखा) या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्यांना उद्याही तिथेच राहायचे आहे, ते कोंब तोडत नाहीत. पुढे 2017 साली 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला. गवताला पुन्हा गवत व्हायला 90 वर्षे लागली.

आता सरकारी आकडे पाहा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत देशातले बांबूचे क्षेत्र 2019 साली 1,60,037 चौरस किलोमीटर होते, 2021 साली 1,49,443 आणि 2023 साली 1,54,670. वाचून आधी काळजी वाटते, मग हायसे वाटते. पण 'बेटे आहेत, पण पार तोडलेली' असा जो एक वर्ग सर्वेक्षणात असतो, तोही याच क्षेत्रात मोजला जातो. क्षेत्रफळ तेवढेच राहूनही बुरुडाच्या हाती कळक न लागणे शक्य आहे. बुरूडआजीचा हिशेब मात्र साधा होता : सूप विणण्याजोगा कळक मिळतो की नाही.

आमच्या घरात शेवटी ओकची जमीन बसली. तीही कुठल्यातरी जंगलातूनच आली, त्यामुळे मोठेपणा मिरवण्याचे कारण नाही. पण वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावी कळक, माणगा, मेस, चिवा यांपैकी काय होते, ते कोण तोडत असे आणि आज काय उरले आहे, हे पुढच्या भारतवारीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि अंकाकडे लिहून पाठवा. सर्वेक्षणाच्या तक्त्यात न मावणारी माहिती त्यांच्याकडेच आहे.