सतरा लाख उत्तरपत्रिका आणि एक पुरवणी

आजची गोष्ट फार जुनी नाही, २०१७ ची. पण तुमच्यापैकी कुणी तेव्हा मुंबई विद्यापीठात शेवटच्या वर्षाला असेल, तर त्याच्या कपाळावर आत्ताच आठी पडली असेल.

१८५७ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ. दीडशे वर्षं पेपर तपासायची पद्धत तीच होती: गठ्ठे, लाल पेन, बेरीज. बेरजेत चुका व्हायच्या, गुणांच्या फेरफाराचे आरोपही व्हायचे. मग ठरलं की उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्रत्येकीवर बारकोड, आणि प्राध्यापकांनी कम्प्युटरच्या पडद्यावर तपासायच्या. बेरीज सॉफ्टवेअर करणार. कल्पना चांगलीच होती, हे आधी कबूल करू या. इंजिनिअरिंगला हा प्रयोग आधीच झाला होता.

घोळ झाला तो घाईमुळे. एका शाखेवरून थेट सगळ्या शाखांवर उडी, म्हणजे सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका! वर परीक्षा सुरू झाल्या तरी काम कुणाला द्यायचं हे पक्कं नव्हतं. बंगळुरूच्या एका कंपनीला कंत्राट मिळालं तेव्हा एप्रिल संपत आला होता. लग्नाची वरात दारात आणि आचारी अजून ठरायचाय, असा प्रकार.

पुढे काय झालं असेल, सांगायला नको. प्राध्यापकांना लॉग-इन होईना. कुणाच्या पडद्यावर दुसऱ्याच विषयाचा पेपर. मुख्य उत्तरपत्रिका एकीकडे, पुरवणी भलतीकडे. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत, त्या मुलांना सरासरी गुण द्यावे लागले. विचार करा, तुम्ही तीन तास लिहिलंय आणि हातात आली सरासरी.

कायद्याप्रमाणे निकाल फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. राज्यपाल म्हणजेच कुलपती सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. प्राध्यापकांना वर्गाऐवजी तपासणीला बसवलं, बाहेरच्या विद्यापीठांतून मदत मागवली. सप्टेंबर उजाडला तरी निकाल लागतच होते. यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते पुढच्या प्रवेशाची वाट बघणारे. पदव्युत्तरला अर्ज करायचा, परदेशी जायचं, नोकरीचं पत्र हातात आहे, पण मार्कशीट कुठाय? लॉची मुलं तर रस्त्यावर उतरली.

२४ ऑक्टोबरला कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. बातमी तिथेच गाजली आणि तिथेच संपली. मला मात्र त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते.

पुरवण्यांची सांगड बसत नाही ना? मग विद्यापीठाने परिपत्रक काढलं की यापुढे पुरवणी मिळणार नाही, जे काय लिहायचं ते मुख्य उत्तरपत्रिकेतच लिहा. म्हणजे यंत्राला जमत नाही म्हणून माणसाने कमी लिहायचं! लॉच्या एका विद्यार्थिनीला हे पटलं नाही. भराभर लिहिणाऱ्यांना पानं पुरत नाहीत, असं म्हणत ती थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली.

निकाल तिच्या बाजूने लागला. पुरवणी परत आली, आणि पडद्यावरची तपासणीही सुरूच राहिली.