अभिप्राय, अश्रु आणि मोबदला

सन १७४१ च्या फेब्रुवारींत लंडन येथें सॅम्युअल रिचर्डसनच्या 'पामेला' या कादंबरीची दुसरी आवृत्ति निघाली. पहिली निघून तीनच महिने झाले होते. या दुसऱ्या आवृत्तीच्या आरंभीं रिचर्डसननें एका चाहत्याचीं पत्रें, त्याचें नांव न देतां, छापलीं. हा चाहता म्हणजे आरन हिल नांवाचा कवि व नाटककार. पत्रांत कादंबरीची स्तुति आहेच. परंतु त्यांतील एक हकीकत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. हिलच्या घरीं आश्रयास असलेला एक लहान मुलगा वाचन चाललें असतां निमूटपणें ऐकत बसला, आणि पामेला तळ्याकांठीं जीव देण्याच्या विचारापर्यंत येते तो भाग ऐकतांना त्यास हुंदके आवरेनात. कथानक व नीति यांची पारख करण्याचें ज्याचें वय नाहीं अशा मुलाचें रडणें हें ग्रंथाच्या योग्यतेचें प्रमाण म्हणून ग्रंथाच्याच दारांत उभें करण्यांत आलें. १७४१ साल संपण्यापूर्वीं पांच आवृत्त्या झाल्या. फील्डिंगनें त्याच वर्षीं 'शामेला' लिहून या पत्रांचीही टर उडविली, व संपादकानें स्वतःलाच धाडलेलें एक प्रशंसापत्र आपल्या पुस्तकाच्या आरंभीं घातलें.

त्या मुलाचे वंशज हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर दिसतात. हातांत कादंबरी, डोळे सुजलेले, तोंडांतून शब्द फुटत नाहीं, आणि खालीं तेंच पुस्तक विकत घेण्याचा दुवा. टिकटॉकवरील या वाचकवर्गास 'बुकटॉक' असें नांव पडलें आहे. प्रौढ वाचकांस हें सारें पोरकट व नवें वाटतें. परंतु यांत रडणें नवें नाहीं, आणि रडण्याचा विक्रीस होणारा उपयोगही नवा नाहीं. नवें आहे तें इतकेंच कीं, रडणारास त्याचा वांटा मिळूं लागला आहे. हिलनें पत्रें लिहिलीं तीं स्नेहापोटीं. नफा झाला तो पुस्तक विकणारांचा.

मधल्या काळांत एक निराळीच व्यवस्था होऊन गेली. १८०२ सालीं 'एडिंबरो रिव्ह्यू' हें त्रैमासिक निघालें व त्यानें परीक्षकांस सोळा पानांच्या फर्म्यास दहा गिनी, आणि लवकरच सोळा गिनी, असा भरघोस मोबदला देण्यास आरंभ केला. हा मोबदला मताचा होता. परीक्षक निनांवी असे, 'आम्ही' म्हणून बोले (ती ढब आमच्या मासिकांनींही उचलली, व प्रस्तुत लेखकानेंही सोडलेली नाहीं), ग्रंथ तोलून दाखवी आणि बहुधा झोडपी. संपादक फ्रान्सिस जेफ्री तर या कामीं निष्ठुर म्हणून गाजलेला. पण हाच जेफ्री म्हातारपणीं डिकन्सच्या 'डोंबी अँड सन' मधील लहानग्या पॉलचा मृत्यु वाचून रात्रीं रडला, सकाळीं पुन्हा रडला, आणि तसें त्यानें १८४७ च्या जानेवारींत डिकन्सला कळविलें. कळविलें तें खासगी पत्रानें. मताबद्दल पैसे घ्यावयाचे आणि रडावयाचें तें घरीं, दार लावून, असा त्या पिढीचा शिष्टाचार होता. १८७४ सालीं 'निबंधमाला' काढणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या मागोमाग आमच्याकडे जें ग्रंथपरीक्षण वाढलें, तें याच घराण्यांतलें.

हें घराणें सोंवळें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. शेरिडनच्या 'द क्रिटिक' (१७७९) या नाटकांतील पफ हें पात्र स्तुति विकण्याचा धंदा करतें व तिचे प्रकार एखाद्या शास्त्रकाराप्रमाणें मोजून दाखवितें. १८३० सालीं मेकॉलेनें रॉबर्ट माँटगोमरी या कवीवर तुटून पडतांना असल्या भाडोत्री स्तुतीचा यथेच्छ समाचार घेतला. ज्या काव्याची त्यानें चिरफाड केली त्याची तेव्हां अकरावी आवृत्ति चालू होती. पुढेंही आवृत्त्या निघतच राहिल्या. मेकॉलेचा निबंध आमच्या पिढ्यांनीं वाचला तो शैलीसाठीं. त्यानें विक्री थांबली नाहीं ही गोष्ट वर्गांत सांगण्याची प्रथा नाहीं.

आतां आजचा व्यवहार. २०२० च्या ऑगस्टांत, महामारीमुळें लोक घरांत कोंडले असतां, एका अमेरिकन तरुणीनें रडूं आणणाऱ्या पुस्तकांची एक छोटी चित्रफीत टिकटॉकवर घातली. तींत मॅडलिन मिलरची 'द साँग ऑफ अकिलीज' ही २०११ सालची कादंबरी होती. दुसऱ्याच दिवशीं तिची मागणी चढली, आणि २०२१ च्या आरंभीं अमेरिकेंत तिच्या आठवड्यास सुमारें १०,००० प्रती खपत होत्या. २०१२ सालीं या कादंबरीस 'ऑरेंज' पारितोषिक मिळालें तेव्हांच्या मानानें हा खप सुमारें नऊपट होता. परीक्षकमंडळाच्या निवाड्यास जें साधलें नाहीं तें एका मुलीनें साधलें, हें आम्हां समीक्षकांस झोंबणारें असलें तरी खरें आहे.

रडणारास मिळतें कसें? अमेझॉननें १९९६ पासून एक दलाली चालविली आहे: दिलेल्या दुव्यावरून पुस्तक विकलें गेलें कीं दुवा देणारास किमतीचा अल्पसा अंश मिळतो. यूट्यूब दीर्घ चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकीं शेकडा ५५ भाग कर्त्यास देतें. प्रकाशक ठराविक रक्कम देतात, ती वेगळी. टिकटॉकनें तर २०२३ सालीं आणलेल्या योजनेंत एक मिनिटाहून मोठी चित्रफीतच मोबदल्यास पात्र ठरविली. म्हणजे पन्नास सेकंदांत आवरलेलें रडूं फुकट गेलें.

गोम येथेंच आहे. दलाली मत पटल्यावर मिळत नाहीं. पुस्तक विकल्यावर मिळते. पूर्वार्ध चांगला, उत्तरार्ध ओढूनताणून आणलेला, असें जपून बोलणाऱ्याचा दुवा कोण दाबणार? आणि ज्यानें या आठवड्यांत रडून दाखविलें त्यास पुढल्या आठवड्यांत पुन्हा रडणें भाग आहे, नाहींतर पाहणारे दुसरीकडे जातात. भरतानें अश्रूंची गणना आठ सात्त्विक भावांत केली आणि मन एकाग्र झाल्यावांचून ते उत्पन्न होत नाहींत असें बजावलें. पण तें नटास. रसिकाचे अश्रु ओघानें यावयाचे. आज प्रेक्षकांतला रसिकच उठून रंगभूमीवर गेला आहे, आणि त्याचे अश्रु आलेले कीं आणलेले हें त्याचें त्यालाही सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

यांत नुकसान कोणाचें? कॉलीन हूवरची 'इट एंड्स विथ अस' ही २०१६ सालची कादंबरी पांच वर्षांनीं याच मार्गानें खपाच्या याद्यांत शिरली व पुढें अग्रभागीं गेली. नवऱ्याकडून होणारी मारहाण हा तिचा विषय. तो विषय लेखिकेनें न्यायानें हाताळला कीं प्रणयकथेच्या गोडीखालीं बोथट केला, याविषयीं प्रामाणिक मतभेद आहेत. जी वाचकीण स्वतः तसल्या घरांत राहते तिच्यासाठीं हा प्रश्न जिवाचा आहे, आणि हुंदक्याच्या मिनिटांत त्याचें उत्तर मावत नाहीं. तें देण्यास जेफ्रीच्या जातीचा, रुक्ष आणि पैसे घेऊन मत देणारा मनुष्य लागतो. तसल्या मनुष्यास फर्म्यामागें चार दमड्या देणारीं मासिकें मात्र बंद पडत चाललीं आहेत.

भारतांत टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्येंच बंदी आली. परंतु रडण्याची ही रीत इन्स्टाग्रामवरून येऊन पोंचली. २०२३ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें, पैसे किंवा फुकट वस्तु घेऊन शिफारस करणारानें तें स्पष्ट सांगावें, असे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दिशाभूल करणाऱ्या शिफारशीस १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फुकट आलेली प्रत हीही फुकट वस्तूच. मराठी मासिकांनीं या बाबतींत निर्धास्त असावें: अभिप्रायार्थ आलेल्या दोन प्रतींची 'साभार पोच' तीं कित्येक पिढ्या शेवटच्या पानावर, बारीक टाइपांत कां होईना, छापीत आलीं आहेत.