उरलेली नावे

निसर्गचित्र म्हटले की डोंगर, ढग आणि पाणी एवढेच आपल्याला आठवते. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा निघाली आणि तिच्या छायेत जलरंगातील निसर्गचित्रांची परंपरा महाराष्ट्रात रुजली. ऊन कसे पाहावे, पाऊस कसा पाहावा, हे तिने आपल्याला शिकविले. हे ऋण लहान नाही. तथापि जुन्नर-आंबेगावच्या मुलखात आले म्हणजे तेवढी दृष्टी अपुरी पडते, कारण येथील डोंगर माणसाने केव्हाच आपलासा केला आहे.

नाणेघाट ही कोकणातून जुन्नरला चढणारी प्राचीन व्यापारी वाट. तिच्या माथ्याशी कातळात एक लेणे आहे. बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणे यांचे आकडे आहेत. मागच्या भिंतीवर राजकुलातील माणसांच्या मूर्ती होत्या. बोजे घेऊन धापा टाकीत वर आलेल्या व्यापाऱ्याला हा मुलूख कोणाचा, हे तेथेच कळावे, अशी ती योजना दिसते. आज मूर्ती गेल्या आहेत. उरल्या आहेत त्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावे.

शेजारच्या आंबेगाव तालुक्याची कथा याहून जवळच्या काळातली. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. येथेही नावे राहिली. परंतु ज्यांची घरे-शेते बुडाली, त्या महादेव कोळी कुटुंबांची नावे कोणत्याच कातळावर नाहीत.

आजच्या चित्रकाराने येथे काय पाहावे? सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९४९ साली पुण्यात जन्मलेल्या आणि ठाण्यात डॉक्टरी केलेल्या या चित्रकाराने टेकडी, रेल्वे, चाळ आणि कामकरी माणूस यांना एकाच चौकटीत आणले. त्यांच्या चित्रांत भूमी आणि तिच्यावर राबणारा निराळे काढता येत नाहीत. त्यांचा विषय शहर असला, तरी ही दृष्टी डिंभ्यालाही लागू पडते.

डिंभ्याचे निळे पाणी सुंदर आहे, यात शंका नाही. खालच्या शेतांना त्याने जीवन दिले. पण उन्हाळ्यात ते उतरले म्हणजे जुन्या बांधकामांचे अवशेष उघडे पडतात, आणि मोकळ्या झालेल्या गाळपेऱ्यात धरणग्रस्त पीक घेतात. पाणी कोठवर चढते याची रेघ काठावर उमटलेली असते. त्या रेघेच्या वर एक गाव नव्याने वसले आणि खाली एक बुडाले. ती रेघ ज्या चित्रात नाही, ते चित्र डिंभ्याचे नव्हे. कोणत्याही तळ्याचे म्हणून खपेल.

नागनिकेच्या घराण्यापाशी कातळ कोरणारे कारागीर होते, म्हणून मूर्ती झिजल्यावरही नावे राहिली. धरणग्रस्तांपाशी ते नाहीत. आपल्या चित्रकारांपुढे आज पडलेले काम हेच आहे.