सन नसलेले कागद

इतिहास म्हटला की सन आलाच. परंतु कष्टकऱ्यांच्या घरी जे कागद सापडतात, त्यांवर तो बहुधा नसतो. सभेचे हस्तपत्रक, विड्यांच्या बंडलावरचे लेबल; छापणाऱ्याला उद्याची सभा किंवा आजची विक्री दिसत होती, सन तो कशाला छापील? पुढे तेच कागद घेऊन कचेरीत जावे, तर ‘यावर तारीख नाही’ एवढ्या शेऱ्यावर ते परत येतात. आमच्या मते हा शेरा आळशी आहे.

तंबाखूच्याच धंद्यातले एक दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची रंगीत चित्रे वाटली. त्यांवर खेळाडूचे नाव आणि संघाचे गाव असे, सन नसे. रे डेमिट हा खेळाडू १९०९ साली न्यूयॉर्ककडून खेळला, १९१० साली सेंट लुईसकडून. दोन्ही गावांच्या नावांनी त्याची चित्रे आहेत. सेंट लुईसचे चित्र त्याने संघ बदलण्याआधी छापले जाणे शक्य नाही. न्यूयॉर्कचे मात्र नंतरही विकले गेले असेल, कारण छापून ठेवलेला माल कोणी व्यापारी फेकून देत नाही. नवे नाव खात्रीने बोलते. जुन्या नावावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

आपल्याकडे तर माणूस जागचा न हलता गावानेच संघ बदलले! हिंगोली निजामाच्या राज्यात होती. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जिल्हा मात्र परभणीच राहिला, तो १ मे १९९९ पर्यंत. तेव्हा लेबलावर ‘जि. हिंगोली’ असेल तर ते त्यानंतरचे. ‘जि. परभणी’ असेल तर घाई करू नये. जुना ठसा झिजेपर्यंत चालतो. तेथे किंमत पाहावी. ‘नवे पैसे’ १ एप्रिल १९५७ रोजी आले आणि १ जून १९६४ पासून त्यांतला ‘नवे’ शब्द गेला. पत्त्यात पिनकोड असेल तर लेबल १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे नव्हे.

कामगारांच्या पत्रकांत पुढाऱ्यांची पदे पाहावीत. ना. म. जोशी ‘आयटक’चे सरचिटणीस म्हणून दिसले की काहीजण लगेच १९२८ च्या गिरणी संपाचा काळ धरतात. पण जोशी १९२५ ते १९२९ त्या पदावर होते. नागपूर अधिवेशनात फूट पडल्यावर बाहेर पडले आणि १९४० ते १९४८ पुन्हा त्याच पदावर आले. मुंबईच्या पत्रकात रेशनच्या धान्याची तक्रार असेल, तर तो दुसरा काळ; तेथे रेशनिंग १९४३ साली सुरू झाले.

काढलेला सन मूळ कागदावर शाईने लिहू नये. वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा, आणि तो कशावरून काढला तेही त्याखाली लिहावे.