इंधन-अंतःक्षेपणाची जुळणी आणि कोरेगाव परिसराची यंत्रभाषा

१

यंत्रविद्येचा इतिहास बहुधा शोधकांच्या आणि कारखानदारांच्या नावांनी लिहिला जातो. यंत्र ज्याच्या दारात बिघडते आणि ज्याच्या हातून दुरुस्त होते, त्याची भाषा त्या इतिहासात सहसा येत नाही. डिझेल इंजिनाच्या इंधन-अंतःक्षेपणाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. इंधनाचा पंप व नोझल यांची जुळणी हे काम खेड्यापाड्यांतून दीर्घकाळ हाताने, डोळ्याने आणि कानाने होत आले. आणि असे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जावयाचे तर ते बोलण्यातूनच जाते. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुका या दृष्टीने अभ्यासास योग्य क्षेत्र होय. देशी तेल-इंजिनांच्या आरंभीच्या इतिहासाशी या तालुक्याचा प्रत्यक्ष संबंध आहे, आणि मराठी शास्त्रीय परिभाषा जेथे घडली त्या केंद्रांपैकी एक, वाई, याच जिल्ह्यात आहे. या विद्येतील नामे मराठीने बाहेरून घेतली, परंतु तिची क्रियापदे शेतकऱ्याच्या घरातलीच राहिली, आणि आज धोक्यात आहेत ती ही क्रियापदेच, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग सातारा शहरातून गेला नाही. तो पूर्वेकडून कोरेगाव तालुक्यातून गेला. साताऱ्यास जाणाऱ्या उतारूंसाठी पाडळी गावाजवळ जे स्थानक झाले त्यास ‘सातारा रोड’ असे नाव मिळाले. रेल्वेच्या नामकरणपद्धतीत ‘रोड’ या शब्दाचा अर्थ ‘त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील स्थानक’ एवढाच असतो. परंतु पुढे लोकांच्या तोंडी ‘सातारारोड’ हे एका वस्तीचेच नाव बनले. परकी शब्द आधी सोय म्हणून येतो आणि मग घरचा होतो, याचे हे स्थलनामातील उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच सातारारोडला सर धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना उभारला. हेच कूपर पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या अल्पकालीन मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. लोखंडी नांगरांमुळे कूपर हे नाव शेतकऱ्यास परिचित झाले. १९३० नंतरच्या दशकात तेथे तेल-इंजिनेही बनू लागली, आणि भारतात डिझेल इंजिन तयार करणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. पुढे हा कारखाना वालचंद उद्योगसमूहाकडे गेला. याच लोहमार्गावर दक्षिणेस कुंडल रोड स्थानकाजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली होती. त्याच घराण्याने १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली. नांगर बनविणारे कारखाने इंजिनाकडे वळले, कारण दोहोंचे गिऱ्हाईक एकच होते. ते म्हणजे विहीर असलेला शेतकरी.

विहिरीवर तोवर मोट होती. मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळे, पाट असा तिचा स्वतंत्र शब्दसंसार होता. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला. मोटेचा संसार कोशकारांच्या नजरेसमोर नांदता होता. इंजिनाचा संसार त्याच वर्षांत सातारारोडला मांडला जात होता. कोश पूर्ण झाला तेव्हा इंजिनदुरुस्तीची मराठी नुकतीच बोलू लागली होती.

३

या दुरुस्तीचे मर्म कळावयाचे तर यंत्राची थोडी ओळख हवी. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये आधीच होते व ठिणगीने ते पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. दट्ट्या केवळ हवा दाबतो. दाबामुळे ती इतकी तापते की तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. म्हणून इंधन केव्हा, किती आणि किती बारीक फवारले गेले यावरच सर्व अवलंबून असते. रुडोल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले, तेव्हा इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा वापरलेली होती आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागत असे. हवेवाचून, केवळ पंपाच्या दाबाने इंधन फवारण्याची रीत रूढ झाल्यावरच हे इंजिन लहान, स्वस्त व फिरते होऊ शकले. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ साली अशा पंपाचे काम हाती घेतले व १९२७ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. त्यानंतर डिझेल इंजिन मालमोटारीत, आणि १९३६ साली मर्सिडीझ-बेंझच्या २६० डी या मोटारीच्या रूपाने प्रवासी गाडीत आले. भारतात या पंपांच्या उत्पादनासाठी १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तिचे संक्षिप्त नाव ‘मायको’ हे दुरुस्तीच्या दुकानांत सर्वतोमुखी झाले. शेतातील इंजिन, ट्रॅक्टर, मालमोटार आणि १९९८ साली पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका यांच्या डिझेल पंपांचे तत्त्व मुळात एकच होते, व म्हणून विहिरीवर शिकलेला हात गाडीवरही चालला.

पंपाचे हृदय म्हणजे प्लंजर आणि बॅरल ही जोडी. या दोहोंमधील फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. माणसाचा केस तिच्या कित्येक पट जाड असतो. यामुळे पाणी वा धूळ मिसळलेले डिझेल पंपास विषासमान ठरते, आणि एका जोडीतील प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये घालता येत नाही. नोझलमधील सुई स्प्रिंगने दाबून धरलेली असते. इंधनाचा दाब ठराविक मर्यादेस, सर्वसाधारण लहान इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅमपर्यंत, पोचला की ती उचलली जाते व फवारा उडतो.

४

जुळणीची मुख्य कामे चार. पहिले, इंधनमार्गातील हवा काढणे. हवा दाबली जाते, पण इंधन पुढे ढकलत नाही. म्हणून टाकी रिकामी पडून इंजिनाने ‘हवा धरली’ की फिल्टरवरील व पंपावरील स्क्रू क्रमाने सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे लागते. दुसरे, नोझलची परीक्षा. हातपंपावर नोझल चढवून दांडा मारला की दाबमापकावर सुई उचलण्याचा दाब कळतो. फवारा धुक्यासारखा व सारखा पडला पाहिजे, आणि टोकावर थेंब लोंबता कामा नये. चांगला नोझल फवारताना करकरतो. तो मुका झाला की जाणत्याला संशय येतो. त्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरावयाचे नसते, कारण त्या दाबाचे इंधन कातडी भेदून आत शिरते. तिसरे काम टायमिंगचे. पुष्कळ लहान इंजिनांत पंपाच्या बैठकीखाली धातूच्या पातळ चकत्या असतात. एक चकती वाढविली की फवारा उशिरा होतो, काढली की लवकर. फवारा फार लवकर झाला तर इंजिन ठोकते. फार उशिरा झाला तर ते तापते, धूर टाकते व ओढत नाही. चौथे काम बहुसिलिंडर इंजिनाचे. त्यात प्रत्येक प्लंजरने सारखेच इंधन द्यावे म्हणून पंप बाकावर चढवून मोजनळ्यांत इंधन मोजतात. हे काम मात्र मोठ्या गावच्या साधनसंपन्न दुकानात नेऊनच होते.

वरील वर्णनात नामे जवळजवळ सर्व परकी आहेत. पंप, नोझल, प्लंजर, बॅरल, टायमिंग हे शब्द इंग्रजीतून आले. ज्याच्या हाती पाना तो मिस्त्री किंवा मेस्त्री हा शब्दही पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आला. मराठीने त्यांना लिंग व विभक्ती देऊन आपल्या व्याकरणात बसविले. इंजिन नपुंसकलिंगी, पंप पुल्लिंगी, मोटर स्त्रीलिंगी. इंजिनाला, पंपाला, मोटरीला. एवढ्यावर थांबल्यास हा उसनवारीचा एक नेहमीचा प्रकार ठरेल. परंतु क्रियापदांकडे पाहिल्यास चित्र पालटते. इंजिन हवा धरते, डिझेल खाते, धूर टाकते, ठोकते, दम तोडते, गाडी ओढत नाही, नोझल थेंब टाकतो, प्लंजर चिकटतो, टायमिंग लावावे लागते, पंप बांधावा लागतो. यांतील एकही क्रियापद परके नाही.

शिवाय त्यांतील कित्येकांचा पूर्वीचा धनी ओळखता येतो. ‘ओढणे’, ‘खाणे’, ‘दम’ हे शब्द मोटेच्या बैलास लागू होते. बैल ओढत नाही म्हणजे तो आजारी, भुकेला किंवा दमलेला. गाडी ओढत नाही म्हणजे फवारा उशिरा, नोझल झिजलेला किंवा फिल्टर तुंबलेला. कामकऱ्या जनावराची पारख करण्याची भाषा यंत्राच्या पारखीस लावली गेली. हा केवळ अलंकार समजणे चुकीचे होईल, कारण या भाषेत निदानाची पद्धती आहे. ‘ठोकते’ आणि ‘ओढत नाही’ ही दोन क्रियापदे टायमिंगच्या दोन विरुद्ध दोषांकडे बोट दाखवितात. धुराच्या रंगाचेही तसेच. काळा धूर म्हणजे इंधन अधिक वा फवारा जाड, पांढरा म्हणजे इंधन न जळता बाहेर पडते, निळा म्हणजे वंगण जळते. कोरेगावच्या पूर्वेकडील अवर्षणी पट्ट्यात उन्हाळी पाण्याची पाळी चुकणे म्हणजे पीक हातचे जाणे. अशा वेळी निरोप घेऊन जाणाऱ्याने ‘इंजिन बंद पडले’ एवढेच सांगितले तर मिस्त्री काय घेऊन निघणार? ‘काळा धूर टाकते आणि ओढत नाही’ असे सांगितले तर तो नोझल पिशवीत टाकूनच निघतो. नेमक्या क्रियापदाचे मोल येथे पिकाच्या हिशेबात मांडता येते.

५

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० पासून शास्त्रीय परिभाषेच्या कार्यास शासकीय बळ मिळाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथून ‘मराठी विश्वकोश’ सिद्ध होऊ लागला व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ अशी नोंद आहे. ‘अंतःक्षेपण’ हा या कालखंडात रूढ झालेला पारिभाषिक शब्द अर्थाने अचूक व रचनेने निर्दोष आहे. शास्त्रग्रंथात तो अवश्य हवा, आणि प्रस्तुत लेखही त्याच्या आधारानेच लिहिलेला आहे. मात्र त्याच्यापासून ‘अंतःक्षेपक’ हे साधननाम मिळते, साधे क्रियापद मिळत नाही. ‘अंतःक्षेपण करणे’ असे म्हणावे लागते. दुरुस्तीच्या दुकानास क्रियापद हवे होते, आणि ते तेथे आधीच होते. एकाच जिल्ह्यात वाईला नामे घडत होती आणि कोरेगावच्या रस्त्यावर क्रियापदे. त्यांची गाठ मात्र क्वचितच पडली.

दरम्यान यंत्र बदलले. बॉशने १९६७ साली पेट्रोल इंजिनासाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे अंतःक्षेपण बाजारात आणले. १९९७ साली डिझेल मोटारींत ‘कॉमन रेल’ पद्धती आली. तीत एका समाईक नळीत इंधन हजाराहून अधिक बार दाबाने साठविलेले असते आणि प्रत्येक इंजेक्टर केव्हा व किती वेळ उघडावयाचा हे संगणक ठरवितो. भारतात उत्सर्जनाचे नियम क्रमशः कडक होत जाऊन १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांस भारत स्टेज ६ लागू झाले. कार्ब्युरेटर दुचाकींतूनही गेला. या गाड्यांत चकती घालून टायमिंग बदलता येत नाही. दोष यंत्रच संकेतांकाने सांगते. नवा इंजेक्टर बसविला की पुष्कळ गाड्यांत त्याच्यावरील संकेतांक संगणकास द्यावा लागतो. अतिदाबामुळे चालत्या इंजिनाच्या इंधननळ्या सैल करून पाहण्याची जुनी रीत आता प्राणघातक ठरू शकते. हवा स्वच्छ होण्याच्या दृष्टीने हा बदल हितकर आहे, हे निर्विवाद होय.

भाषेच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. नव्या कामाची क्रियापदे स्कॅन करणे, रीसेट करणे, कोडिंग करणे अशी आहेत. येथे ‘करणे’ हे केवळ व्याकरणाचे ओझे वाहते. काय दिसले, काय ऐकू आले, हात कोठे लागला, यांपैकी काहीही त्यात नाही. संस्कृतोद्भव परिभाषा आणि इंग्रजी उसनवारी यांना आपण परस्परविरोधी समजतो. पण ‘अंतःक्षेपण करणे’ आणि ‘स्कॅन करणे’ यांची घडण एकच आहे. दोहोंत नाम बाहेरचे आणि क्रियापद पोकळ. ‘हवा धरणे’, ‘ठोकणे’, ‘ओढणे’ यांची जात निराळी होती.

मोटेचे शब्द मोट नांदत असताना कोशात आले, म्हणून आज ती गेल्यावरही तिचे काम समजावून घेता येते. पंप बांधणारी व कानाने नोझल पारखणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. त्यांच्या शब्दांची नोंद करावयाची तर शब्दांच्या याद्या पुरेशा होणार नाहीत. शब्द, त्या वेळचा आवाज वा धूर, आणि त्यावर केलेली हाताची क्रिया अशी तिहेरी नोंद हवी. भाषाविभागातील विद्यार्थी आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी यांनी एकाच बाकावर बसून करावयाचे हे काम आहे, आणि ते दुकानात इंजिन चालू असतानाच होऊ शकते.